ब्लूइंग आहे म्हणून तेल नको? बंदुकीची नळी वाया घालवणारा सल्ला

पावसाळा तोंडावर आला की बंदूक बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो. ‘नळीला कंपनीचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) असेल तर गंज धरत नाही, तेलाची गरज नाही. स्टेनलेसची असेल तर बघायलाच नको. पाणी मात्र कधी लावू नका. ब्लूइंग उडालंच तर चिंचेनं किंवा व्हिनेगरनं घासून घरीच नवं करा.’ कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे कुणी मनावर घेतलं, तर चांगली नळी एका हंगामात खराब होईल.

ब्लूइंग हा वरून दिलेला रंग नाही. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या, सुमारे 140 अंश सेल्सियसला उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवतात, तेव्हा त्याच्याच पृष्ठभागाचं मॅग्नेटाइट बनतं. हेही लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त तांबड्या गंजासारखं पापुद्रे धरून सुटत नाही. पण हा थर जेमतेम मायक्रॉनभर जाड असतो, आणि सच्छिद्र. ओल अडवतं ते त्या छिद्रांत मुरलेलं तेल. ते पुसलं गेलं की घामेजल्या बोटाचा ठसासुद्धा गंजाच्या रूपात उमटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन गॅरंड रायफलींवरचा फॉस्फेटचा राखाडी थर अधिक टिकाऊ, पण त्याचीही खरी कामगिरी तेल धरून ठेवण्याचीच.

‘आधुनिक लष्करी हत्याराला निगा लागत नाही’ हा याच समजाचा थोरला भाऊ, आणि त्याची किंमत व्हिएतनाममध्ये सैनिकांनी जिवानं मोजली. एम-16 रायफल साफ करावीच लागत नाही असा समज तिथं पसरला होता, साफसफाईचं साहित्य पुरेसं पोचलं नव्हतं, आणि चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, आतून क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत चेंबर गंजून खडबडीत झाले, रिकामी काडतुसं आत अडकू लागली. काडतुसांतल्या बदललेल्या दारूनं अडचण आणखी वाढवली. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं चौकशी केली, चेंबरला क्रोम आलं, आणि साफसफाईचे धडेही आले. क्रोम चढवल्यावरही सैन्यानं फडकं आणि तेल सोडलं नाही, हे लक्षात घ्या.

स्टेनलेसचं थोडक्यात. बंदुकीच्या नळ्यांना बहुधा वापरतात त्या 416 प्रतीच्या पोलादात क्रोमियम 12 ते 14 टक्के असतं आणि कापायला सोपं जावं म्हणून गंधक मिसळलेलं असतं. चांगल्या भांड्यांच्या 304 प्रतीच्या पोलादात क्रोमियम 18 टक्क्यांच्या आसपास, शिवाय निकेल. म्हणजे बंदुकीचं स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या स्टीलपेक्षा गंजाला कच्चं. मिठामुळे त्याला बारीक खड्डे पडतात.

पाण्याबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो नेमका ठासणीच्या बंदुकांवर उलटतो. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आहेत. त्यांत ठासतात ती काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. नुसतं तेल फिरवलं तर क्षार तेलाखाली राहून नळी खात बसतात. म्हणून बार उडवून झाल्यावर, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी गरम पाण्यानं धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल द्यायचं. बंदूक कातडी म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं.

राहिली चिंच. आम्ल गंज काढतं हे खरं, पण ते मॅग्नेटाइटही काढतं, म्हणजे गंजाबरोबर ब्लूइंगही जातं आणि पोलाद उघडं पडतं. बाटलीतल्या, गरम न करता लावायच्या ‘थंड’ ब्लूइंगमध्ये बहुधा विषारी सेलेनियमची संयुगं असतात. त्यानं लहानसा ओरखडा झाकता येतो, पण अख्ख्या नळीला त्याचं संरक्षण तुटपुंजं. पॉलिश पेपरनं घासताना बंदुकीचा क्रमांक पुसट झाला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं, कारण ओळखचिन्ह पुसणं 1959 च्या शस्त्र कायद्यानं मना आहे.

नव्यानं ब्लूइंग परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. बंदूक जुनी दुनळी असेल, तर तो ती गरम सोड्याच्या टाकीत बुडवणार आहे का, हे आधी विचारा. दोन नळ्या बहुतेक वेळा शिसं-कथलाच्या डाखानं जोडलेल्या असतात आणि सोडा तो डाख खातो. अशा नळ्यांना हळूहळू गंज आणवून, तो पाण्यात उकळून काळा करण्याची जुनी पद्धतच मानवते. तिला दिवस लागतात आणि पैसेही जास्त पडतात.