गंगोत्री म्हणे ‘सोपं धाम’!

अक्षय्य तृतीया जवळ आली, म्हणजे गंगोत्रीच्या देवळाचे कपाट (दरवाजे) उघडायची वेळ झाली, की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो. मथितार्थ असा: केदारनाथ-यमुनोत्रीला चढ आहे, गंगोत्रीला मात्र गाडी थेट जाते, तेव्हा आईवडिलांना हृषीकेशहून एका दिवसात न्यावं. दम लागलाच तर कापूर-लवंगेची पुरचुंडी हुंगावी. गोमुख, म्हणजे नदी जिथून उगम पावते ते हिमनदीचं तोंड, तिथून जवळच, जेवून निघालं तरी होतं. आणि पाणी उगमाचं, ओंजळीनं खुशाल प्यावं.

गाडी जाते, हे खरं. गोची तिथेच आहे. हृषीकेश समुद्रसपाटीपासून चारशे मीटरसुद्धा उंच नाही. गंगोत्री ३,१०० मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. शरीर त्याला सरावतं, पण त्याला काही दिवस लागतात. जुने यात्रेकरू ही वाट पायी चढत. वाटेतल्या भैरोंघाटीजवळचा उंच पूल होईपर्यंत तर गाडीनं आलेल्यांनाही लंका नावाच्या ठिकाणी उतरून ‘जाड गंगा’ या नदीची दरी पायी पार करावी लागे. ‘ती माणसंच काटक होती’ म्हणून आपण मोकळे होतो. पण चालता चालता त्यांचं शरीर तयार होत होतं, हे कोणी लक्षात घेत नाही. शिवाय चढावर दम लागला की माणूस आपसूक थांबतो. गाडीत बसलेल्याला काहीच कळत नाही. हॉटेलचा जिना चढताना धाप लागते, रात्री डोकं ठणकतं, जेवण नकोसं होतं, आणि घरचे म्हणतात, प्रवासाचा शीण आहे, गोळी घे आणि झोप.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर पहिला मुक्काम उत्तरकाशीला करा, दुसरा हर्सिलला (सुमारे २,६०० मीटर), आणि गंगोत्रीचं दर्शन घेऊन परत हर्सिललाच झोपायला या. खर्च वाढतो, मान्य. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, तिकिटं नंतर काढा.

पुरचुंडीबद्दल. ही करोनाच्या लाटेतही फिरली होती. कापराच्या वासानं नाकात थंडावा जाणवतो आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. शांत बसूनही धाप लागत असेल, तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर उजाडायची वाट न बघता वैद्यकीय मदत घ्या आणि माणसाला खाली न्या. गाडीरस्त्याचा खरा फायदा हा: हर्सिल पंचवीसेक किलोमीटरवर आहे. आणि कापूर पोटात गेला तर विषारी असतो, तेव्हा पुरचुंडी नातवंडांच्या हाती तरी देऊ नका.

गोमुख ‘जवळच’ म्हणणारा तिकडे गेलेला नसावा. एका बाजूचं अंतर सुमारे १८ किलोमीटर, वाटेत चीडबासा, भोजबासा, आणि चढ थेट ४,००० मीटरच्या घरात. हा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. वनखात्याचा परवाना लागतो, आणि दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात. बहुतेक जण भोजबासाला मुक्काम करतात. हिमनदीच्या तोंडाशी बर्फाचे तुकडे कोसळत असतात, म्हणून तिथे खेटून फोटो काढायचे नसतात.

साहजिकच देवळाजवळच्या घाटावरचं पाणी उगमाचं नव्हे. भागीरथी, म्हणजे इथली गंगा, तोवर अठरा किलोमीटर वाहत आलेली असते. पाण्याचा राखाडी रंग हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या भुकटीचा. ‘गंगाजलात जंतू मरतात’ याला आधार आहे: १८९६ साली ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञ हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असं नोंदवलं, आणि पुढे त्याचा संबंध जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंशी जोडला गेला. पण हे विषाणू ठरावीक जिवाणूच मारतात. पोट बिघडवणारं बाकीचं सगळं शाबूत राहतं. आचमन ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. तहानेला उकळलेलं पाणी घ्या.

आणि ज्यांना ही उंची झेपणारच नाही, त्यांच्यासाठीही सोय आहे. दिवाळीनंतर कपाट बंद झालं की गंगामाईची मूर्ती हर्सिलजवळच्या मुखबा गावात आणतात. हिवाळाभर दर्शन तिथेच होतं. थंडी कडाक्याची असते, तेवढी तयारी ठेवा.