सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही

"सॉकेटचा नंबर सारखा असला की कुठलाही प्रोसेसर बसवा, चालतोच. बायोस अपडेटच्या फंदात पडू नका, बोर्ड उडतो. वॉटचं बघायची गरज नसते." हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा, बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डमधला प्रोग्राम.) काल भाच्याने तोच पाठवून विचारलं, "मामा, एच११० बोर्डवर आय५-८४०० टाकू का? सेकंडहँड स्वस्त मिळतोय."

नको टाकू. दोन्हींचं सॉकेट ११५१च, पण हा आकडा पिना किती एवढंच सांगतो, कुठल्या पिनेतून काय जातं ते सांगत नाही. इंटेलच्या प्रोसेसरची सहावी-सातवी पिढीही ११५१ आणि आठवी-नववीही ११५१. पण इंटेलच्याच डेटाशीट पाहा: सातव्या पिढीत कोअरला वीज देणाऱ्या पिना १२८, आठव्यात १४६. वाढलेल्या पिना आधी राखीव ठेवलेल्यांतून घेतल्या आहेत. त्यामुळे एच११०, बी२५०, झेड२७० अशा १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डवर आठव्या पिढीतला ८४०० नीट बसतो, वरची पट्टीही लागते, पण स्क्रीनवर काही येत नाही. त्याला ३०० सिरीजच हवी: एच३१०, बी३६०, बी३६५, झेड३७०, झेड३९०. काही हौशी मंडळींनी प्रोसेसरच्या ठिपक्यांवर टेप लावून आणि बायोसमध्ये फेरफार करून हे जमवलंय, तेवढं मान्य. पण पोराच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरवर असले प्रयोग करायचे नसतात. एच११० सातव्या पिढीपर्यंतच.

१२०० सॉकेटचंही तेच. एच४१० आणि बी४६०वर दहावी पिढी चालते, अकरावी नाही. काही कंपन्यांनी नंतर आतला चिपसेट (बोर्डचं काम सांभाळणारी मुख्य चिप) बदलून 'व्ही२' बोर्ड काढले, त्यांवर चालते. म्हणून मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं.

आता बायोस. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा जुना बी४५० बोर्ड घ्या. त्यावर एएमडीचा रायझन ५ ५६०० चालतो, पण बायोस नवा असेल तरच. जुना बायोस त्या प्रोसेसरला ओळखतच नाही, मग डिस्प्ले येत नाही, आणि डिस्प्ले नाही म्हणजे अपडेट करायला आत शिरताच येत नाही. तोवर जुना प्रोसेसर विकून टाकलेला असला की माणूस पुरता अडकतो. क्रम असा ठेवा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट, पुन्हा चालू करून आवृत्ती बदलली का ते बघणं, मगच प्रोसेसर बदलणं. बोर्डला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही जमतं: पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, फाइलला कंपनीने सांगितलेलंच नाव द्या, ठरलेल्या यूएसबी पोर्टातच लावा.

अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, हे खरं आहे. त्यावर उपाय यूपीएस. वीज ये-जा करत असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.

वॉटचं थोडक्यात. रायझन ९ ५९५०एक्सवर १०५ वॉट लिहिलेलं असतं, पण तो सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत ओढतो. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, नसलेल्या स्वस्त ए३२० बोर्डवर तो तापतो आणि वेग पडतो. पैसे वाया.

तपासायला दहा मिनिटं लागतात. विंडोज आणि आर एकत्र दाबा, msinfo32 टाइप करून एंटर दाबा, 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडेल. बेसबोर्ड प्रॉडक्ट (बोर्डचं मॉडेल) आणि बायोस व्हर्जन तिथेच दिसतं. रिव्हिजन नंबर बोर्डवर छापलेला असतो. मग बोर्ड कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. प्रोसेसर यादीत आहे का आणि समोर कितवी बायोस आवृत्ती लिहिली आहे, दोन्ही बघा.

आणि बिटलॉकर (विंडोजमधलं ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं फीचर) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. रायझन बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना बरेच बोर्ड एफटीपीएम (प्रोसेसरमधली कुलपाची किल्ली जपणारी सोय) रीसेट करू का, वाय की एन, असं विचारतात. रिकव्हरी की हाताशी नसताना वाय दाबलं तर ड्राइव्ह उघडत नाही.