स्टूल रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे पोटात जंत नाहीत, असं नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘शौचाची तपासणी एकदा निगेटिव्ह आली की जंत नाहीतच. नमुना कधीचाही चालतो. तरी शंका असेल तर रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघा. वाढलेले असले की जंत नक्की.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि त्याचा त्रास लहान मुलांना होतो.

आधी ‘निगेटिव्ह’चं बघू. साध्या तपासणीत सलाइन किंवा आयोडीनच्या थेंबात जेमतेम 2 मिलिग्रॅम शौच कालवून काचपट्टीवर बघतात. तेवढ्यात अंडी दिसली नाहीत, इतकंच रिपोर्ट सांगतो. गोल जंताची मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते, ती सहसा सापडतात. अंकुशकृमीची अंडी त्यामानाने फारच कमी. जंत थोडे असले तर पट्टी कोरी जाऊ शकते. म्हणून तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. शिवाय गोल जंताची लागण झाल्यापासून अंडी पडायला दोन-तीन महिने लागतात. तोवर कितीही नमुने द्या, अंडी दिसणार नाहीत.

रात्री शी च्या जागी खाज आणणाऱ्या, सुतासारख्या पांढऱ्या पिनवर्मची गोष्टच वेगळी. त्याची मादी बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, त्यामुळे शौचात ती क्वचितच दिसतात. सकाळी मूल उठल्याउठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेप तिथे दाबून काचपट्टीवर चिकटवायची. डॉक्टरांना ही तपासणी आवर्जून विचारा. रिपोर्ट चांगला आहे म्हणून खाजवणाऱ्या मुलाला रागावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

नमुना कधीचाही चालत नाही. डबी दिवसभर उकाड्यात राहिली तर अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात, आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्या एका जंताच्या अळ्यांसारख्याच दिसतात. नमुना ताजा द्या, त्यात लघवी मिसळू देऊ नका.

राहिले इओसिनोफिल. ते दमा, ॲलर्जी आणि काही औषधांनीही वाढतात. उलट जंत आतड्यात स्थिरावल्यावर ते नॉर्मलही असू शकतात. मात्र वाढलेले असतील तर दुर्लक्षही नको, विशेषतः स्टेरॉइड सुरू करायचं असेल तेव्हा. स्ट्राँगिलॉइडिस साध्या तपासणीत अनेकदा निसटतो, आणि स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. अशा वेळी अळ्यांसाठीची खास तपासणी किंवा रक्तातली अँटिबॉडी चाचणी करावी का, हे डॉक्टरांना स्टेरॉइडच्या पहिल्या गोळीआधीच विचारा.