तीन गायक, तीन गिटार आणि तुमची तक्रार

नमस्कार.

जर्मन मेटल बँड हॅलोवीनच्या 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स' या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच सुनावलंय. साठीला टेकलेली ही माणसं जुन्या नावावर पैसे करताहेत, तीन-तीन गायकांची नुसती गर्दी झालीये, गायक अँडी डेरिसने सगळ्याचं पॉप करून टाकलंय, आणि खरी हॅलोवीन १९८८ ला संपली. शिवाय 'धिस इज टोकियो' हे गाणं मुळात हवंच कशाला, असाही प्रश्न आहे. आधी पॉपचं बघू, कारण खरा वाद तिथेच आहे.

तुम्ही ज्या १९८८ ची शपथ घालता, त्याच वर्षीच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' या अल्बमच्या दुसऱ्या भागात गिटारिस्ट मायकेल वायकाटने लिहिलेलं 'डॉक्टर स्टाइन' आहे. राक्षस बनवणाऱ्या वेड्या डॉक्टरची थट्टा, आणि चाल अशी की पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या ध्रुपदाला सोबत गाऊ लागतो. तेव्हा एसेनची क्रिएटर आणि गेल्सेनकिर्शेनची सॉडम हे रूर भागातले बँड जितकं काळं आणि खरखरीत वाजवता येईल तितकं वाजवत होते. हँबर्गची ही पोरं मात्र भोपळ्याचं चिन्ह मिरवत, खाली डबल बास ड्रमचा मारा ठेवून वर गोड, हसऱ्या चाली बांधत होती. तो गोडवा डेरिसने आणलेला नाही. पॉवर मेटल म्हणून आपण जे ओळखतो, त्याच्या मुळातच तो आहे. 'जायंट्स'मधलं 'अंडर द मूनलाइट' ऐकून तुम्ही नाक मुरडलंत, पण ते त्याच घरातलं आहे.

हॅलोवीन खरोखर भरकटली ती १९९३ च्या 'कमेलियन' अल्बममध्ये. ब्रासची पितळी वाद्यं, अकूस्टिक गिटार, हवं ते सगळं. आणि तिथे गात होता तुमचा लाडका मिखाएल किस्के! त्यानंतर तो बँडबाहेर पडला, आजारी असलेला ड्रमर इंगो श्विख्टेनबर्गही गेला आणि १९९५ मध्ये त्याने जगाचाच निरोप घेतला. अशा अवस्थेत पिंक क्रीम ६९ या बँडमधून आलेल्या डेरिसला घेऊन १९९४ चा 'मास्टर ऑफ द रिंग्ज' निघाला आणि गाडी पुन्हा मेटलच्या रुळावर आली. ज्याने मेटल परत आणलं त्याच्याच माथी पॉपचं खापर फोडताय, हे काही मला पटत नाही.

आता गर्दीचं. तुम्हाला बहुधा डबलबारी हवी आहे, एका बुवाने दुसऱ्याला हरवायचं. इथे तसा सामनाच नाही. १९८५ च्या 'वॉल्स ऑफ जेरिको'वर काई हान्सेन स्वतः गिटार वाजवत गायला होता आणि दोन्ही सांभाळणं जड जातंय म्हणूनच विशीही न गाठलेल्या किस्केला आणलं गेलं. म्हणजे एकाच्या गळ्याची मर्यादा दुसऱ्याने भरून काढायची, ही या बँडची जुनीच रीत. किस्के आजही तार सप्तकात निवांत फिरतो, डेरिसच्या आवाजात खरखर आहे, हान्सेनच्या आवाजात चावरेपणा. 'इनटू द सन'मध्ये किस्के आणि डेरिस एकत्र येतात, ते मला थोडं पाकात बुडवल्यासारखं वाटलं, हे खरं. पण माझी तक्रार तुमच्या उलट आहे: हान्सेनला आणखी गाऊ द्यायला हवं होतं.

पैशांबद्दल फार बोलत नाही. पैसेच हवे असते तर किस्के आणि हान्सेन बँडमध्ये परतल्यावरच्या २०१७ च्या 'पंपकिन्स युनायटेड' दौऱ्यासारखे जुन्या गाण्यांचे दौरे करत राहणं सोपं होतं. त्याऐवजी २०२१ मध्ये नवा अल्बम आला, जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि आता हा दुसरा. केवळ जुन्या नावावर जगायचं असेल तर 'युनिव्हर्स' आणि 'मॅजेस्टिक'सारखी लांबलचक गाणी बांधण्याचे कष्ट कोण घेतं?

खरं तर टीका करायला जागा होती, ती तुम्ही सोडलीत. २०२१ च्या अल्बमवर डानी ल्योब्लेने इंगोचाच जुना ड्रमसेट वाजवला होता. त्या ध्वनीत लाकूड ऐकू येतं, हवा ऐकू येते. या वेळी सगळं जास्त घासून-पुसून लख्ख केलंय. गिटारी तीन, वायकाट, हान्सेन आणि साशा गेर्स्टनर, पण बऱ्याच ठिकाणी कोण काय वाजवतंय ते वेगळं निवडता येत नाही. हेडफोन लावून दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका, फरक लगेच जाणवेल.

राहिलं 'धिस इज टोकियो'. युरोपात या बँडचे दिवस पडते होते तेव्हाही जपानी श्रोत्यांनी त्यांना सोडलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ते टोकियोच्या बुडोकान सभागृहात वाजवून आले, ते ध्वनिमुद्रण २०२४ च्या डिसेंबरात 'लाइव्ह ॲट बुडोकान' म्हणून निघालं. डेरिसचं हे गाणं त्यानंतरचं आहे. मला ते अल्बममधलं सगळ्यात साधं गाणं वाटतं, पण कशाला हवं, असं मात्र मी विचारणार नाही.