‘होस्टिंगवाल्याचे पैसे अडवा’ म्हणे!

आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर महिनाभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरून आला. ‘होस्टिंगवाला ऐकत नाही? पैसे अडवा, दोन दिवसांत पाया पडत येईल. डोमेन तुमच्या नावावर आहे, म्हणजे साइट तुमचीच. बॅकअप कंपनीकडे असतोच. फार तर ४८ तासांत दुसरीकडे चालू. मात्र उशीर केलात तर गूगलवरून नाव कायमचं जाईल.’ खाली अंगठ्यांची रांग. (होस्टिंगवाला म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा भाड्याने देणारा, आणि डोमेन म्हणजे साइटचं नाव, तिचा पत्ता.) मी जळगावात बसून लोकांच्या साइट बनवतो आणि बंद पडलेल्या उठवतो. त्यामुळे गप्प बसवेना.

पैसे अडवले की तो पाया पडत येईल, हे पहिलं. येणार कोण? बिलाची तारीख उलटून ठरलेले दिवस गेले की बिलिंगचं सॉफ्टवेअर रात्रीतून खातं सस्पेंड करतं, त्यात माणसाचा हातही लागत नाही. साइटच्या जागी ‘अकाउंट सस्पेंडेड’ची पाटी येते आणि त्याच क्षणी साइट सांभाळायचं कंट्रोल पॅनल, फाइली चढवा-उतरवायची एफटीपीची वाट, सगळंच बंद होतं. म्हणजे भांडायला निघालात आणि आपला माल आत ठेवून किल्ली समोरच्याच्या हातात दिलीत. पुढे काही दिवसांनी खातं टर्मिनेट होतं, मग फाइलीही पुसल्या जातात. किती दिवसांनी, ते कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं आणि ते आपण कधी वाचलेलं नसतं.

बरं, पैसे वेळेवर भरले म्हणजे तरी सुटलो का? सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं उदाहरण सांगतो. अप्पांनी वर्षाचं भाडं आगाऊ भरलेलं, पावती फायलीत लावलेली. ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात साइट बंद. अप्पांचा फोन, ‘पैसे भरेल आहेत ना रे भो, मग कुलूप कसं लागलं?’ शोधल्यावर कळलं, की ज्याच्याकडून जागा घेतली तो रिसेलर. त्याने वरच्या कंपनीकडून घाऊक जागा घेऊन किरकोळीत भाड्याने दिलेली. वरच्याशी त्याचा थकबाकीवरून वाद झाला आणि वरच्याने त्याचं अख्खं खातं बंद केलं. त्याच्यासोबत त्याची सगळी गिऱ्हाइकं झोपली. रिसेलर फोन उचलेना. वरची कंपनी म्हणे, आमचा करार त्याच्याशी, तुमच्याशी नाही. ती चुकत नव्हती, हेच वाईट.

‘डोमेन तुमच्या नावावर’ हे लिहिणाऱ्याने कधी रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या पॅनलमध्ये जाऊन पाहिलंय का? बिलावर दुकानाचं नाव असतं, पण डोमेन बऱ्याचदा असतं रिसेलरच्या खात्यात आणि नोंदणीचा ईमेलही त्याचाच. अप्पांचं तसंच निघालं असतं, पण सुदैवाने ईमेल त्यांच्या पुतण्याचा होता. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या ठिकाणीही घेता येतात, हेच बहुतेकांना माहीत नसतं. आणि डोमेन हातात आलं तरी ती झाली पाटी. दुकानातला माल होस्टिंगवर असतो.

इथे मात्र एक नियम आपल्या बाजूने आहे आणि तो मेसेजमध्ये नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनना आयकॅनचं, म्हणजे जगभरच्या डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचं, हस्तांतर धोरण लागू होतं. हस्तांतर म्हणजे डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेणं. आपण आपल्या डोमेनचे नोंदणीचे पैसे भरले असतील, तर रजिस्ट्रार आणि त्याच्या एजंटमधल्या (म्हणजे आपल्या रिसेलरसारख्या मधल्या माणसाच्या) थकबाकीसाठी आपलं हस्तांतर नाकारता येत नाही. हस्तांतराचा कोड मागितल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. एजंट गायब असेल तर थेट रजिस्ट्रारला लिहा. आम्ही तेच केलं. नव्या नोंदणीनंतर किंवा आधीच्या हस्तांतरानंतर ६० दिवसांचं कुलूप असतं, ते मात्र धरून चाला. डॉट इनवर आयकॅनचं धोरण चालत नाही, तिथे निक्सी या भारतीय संस्थेचे नियम. आणि वादाच्या नादात डोमेनची मुदत संपू देऊ नका. डॉट कॉम एकदा रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत संपून पुसलं जाण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात गेलं की सोडवायला ३० दिवस आणि वर जबर दंड, त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही उचलतं.

बॅकअप ‘असतोच’. असतो ना, बऱ्याचदा त्याच सर्व्हरवर, त्याच पॅनलच्या आत, जे आत्ताच बंद झालंय. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवलेली इमारत जळाली, तेव्हा बॅकअपही तिथेच ठेवलेल्यांचा डेटा बॅकअपसकट गेला. तिथे आग होती, इथे थकबाकी, गिऱ्हाइकाला फरक शून्य. कुणीतरी ग्रुपवर ‘गूगल कॅशेमधून काढा’, म्हणजे गूगलने साठवलेल्या पानांच्या प्रतीतून, असंही सुचवलं. ती सोय गूगलने २०२४ मध्येच बंद केली. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहावर पानं सापडतात, मजकूर आणि थोडे फोटो मिळतात, पण साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचा डेटाबेस, आलेल्या चौकशा, लॉगिनं यांतलं काही तिथे नसतं.

अप्पांचं काम वाचलं ते वेगळ्याच जागेवरून. त्यांच्या मुनीमजींचा जुना संगणक, धुळीने पिवळा पडलेला, कीबोर्डवर एन्टरची अर्धी कळ. त्यावर आउटलुक होतं आणि ते मेल पॉप पद्धतीने ओढून संगणकावर उतरवत आलं होतं. नव्या मुलांच्या मोबाइलवर आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच, म्हणजे कुलपाआड. मुनीमजींकडे सहा वर्षांचा पत्रव्यवहार शाबूत निघाला आणि कॅटलॉगसाठी मला पाठवलेले घडांचे, खोक्यांचे, कंटेनरचे मूळ फोटोही त्यातच. ‘हे बदला म्हणून तुम्हीच मागं लागले होते,’ मुनीमजी म्हणाले. लागलो होतो.

४८ तासांचं म्हणाल, तर अर्धं खरं. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कोणत्या जागेकडे न्यायचं ते सांगणारा सर्व्हर, बदलला की जुनी माहिती काही ठिकाणी दोन दिवसांपर्यंत टिकू शकते, हे बरोबर. पण डीएनएस (डोमेनच्या पत्त्यांची ही नोंद) होस्टिंगपासून वेगळीकडे ठेवलेला असेल आणि टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, आधीच ३०० सेकंदांवर आणला असेल, तर बहुतेकांना काही मिनिटांत नवी जागा दिसते. उलट हातात कॉपीच नसेल तर ४८ तास कसले? अप्पांच्या साइटला सोळा दिवस लागले, त्यांतले चौदा सामान गोळा करण्यात. मेलचं त्याहून बिकट. सर्व्हर नुसता गप्प असेल तर पाठवणाऱ्याकडचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, पण सस्पेंड झालेल्या खात्यावरून मेल बऱ्याचदा जागच्या जागी परत जातो. दुबईच्या एका खरेदीदाराचा तसा परत गेला आणि अप्पांनी दुकान बंद केलं, असं समजून त्याने दुसरीकडे माल घेतला.

गूगलची धमकी तर सोडूनच द्या. एक-दोन दिवस साइट बंद राहिल्याने काही होत नाही. आठवडे गेले तर पानं यादीतून गळतात, साइट परत आली की हळूहळू परत चढतात.

वाद घालायचाच आहे ना? घाला. पण आधी फाइली आणि डेटाबेस उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, डोमेन स्वतःच्या खात्यात आणा, मेल दुसरीकडे हलवा, मग बिल अडवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ‘धंद्यासाठी घेतलेली सेवा’ म्हणून समोरचा हात वर करेल, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेल्या धंद्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सवलत आहे.

अप्पांचं खातं आता त्यांच्याच नावावर आहे. पासवर्ड गल्ल्यातल्या लाल वहीत, केळीच्या भावांच्या खाली लिहिलाय. मी म्हटलं, अप्पा, असा उघड्यावर नको. ते म्हणाले, ‘गल्ल्याची किल्ली तरी माझ्याकडं आहे.’