बूस्टला मिसिंग आलं की कॉइल बदला? थांबा जरा

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललेली) टर्बो पेट्रोल गाडी फुल ॲक्सिलरेटरला मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकत असेल, तर प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या कंपनीच्या कॉइल कमजोर आहेत, असं त्यात ठणकावून सांगितलंय. मग उपाय: स्कॅनरवर मिसफायर कोड दिसला की सगळ्या कॉइल बदलून ‘हाय पॉवर’ टाका, इरिडियम प्लग घेऊन गॅप (प्लगच्या दोन टोकांमधली फट) 1.1 मिमी करा, 100 ऑक्टेन भरा, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवत असेल तर पेट्रोल वाढवा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर कोड पुसून पुढे चला.

गॅपपासून सुरुवात करतो, कारण खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. गॅप मोठा तर ठिणगी मोठी, हे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत खपून जायचं. टर्बोत खपत नाही. दोन टोकांमधली हवा भेदून ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल, ते फटीची लांबी आणि हवेची दाटी यांच्या गुणाकारावर ठरतं. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्येच हे मांडलं. मोकळ्या हवेत 1 मिमीची फट ओलांडायला साधारण 3 किलोव्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेली हवा त्याहून कितीतरी पट दाट असते. त्यात 1 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) म्हणजे इनटेकमध्ये बाहेरच्या दुप्पट दाब. अशा वेळी 25-30 किलोव्होल्टची मागणी सहज होते, आणि कॉइलची झेप तिथून फार पुढे नसते. त्यावर गॅप 0.7 चा 1.1 केलात की मागणी दीडपटीच्या वर गेली. कॉइल एवढं देऊ शकली नाही तर ठिणगी पडतच नाही. देऊ शकली तर करंट सोपी वाट शोधतो: प्लगच्या पोर्सिलेनवरून, नाहीतर कॉइलच्या रबरी बूटमधून (प्लगवर बसणाऱ्या टोपीतून) थेट इंजिनच्या हेडला.

म्हणून करायचं ते नेमकं उलट. बूस्ट वाढवलेल्या गाडीत गॅप 0.6 ते 0.65 मिमीवर आणून बघा. खर्च शून्य. फार खाली मात्र जाऊ नका. फट अगदीच चिमुकली झाली की नुकती पेटलेली ज्योत थंड टोकांना लागून विझते आणि गाडी आयडलला थरथरते. नवा प्लगही मोजल्याशिवाय लावू नये, आणि मोजायला तारेचा गेज वापरा. नाण्यासारखा गोल गेज मधल्या टोकाला रेटला की इरिडियमचं केसासारखं टोक तुटतं, आणि महागडा प्लग बसवण्याआधीच कामातून जातो.

इरिडियम वाईट नाही. ते हळू झिजतं, म्हणून गॅप जास्त दिवस टिकतो. पण रीमॅपनंतर धातूइतकाच हीट रेंजही (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) बघावा लागतो, आणि तिथे एक गंमत आहे. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगवर आकडा कमी झाला की थंड. ‘एक नंबर वरचा घे’ हा सल्ला कोणत्या डबीसाठी दिलाय, हे विचारल्याशिवाय पाळू नका.

आता कॉइल. ‘जास्त आरपीएमला कॉइल चार्ज व्हायला वेळ पुरत नाही’ हे कारण डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यातलं. तेव्हा चार सिलिंडरना मिळून एकच कॉइल असे, आणि 6000 आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये 5 मिलिसेकंद मिळत. आज प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, तेवढ्याच आरपीएमला तिला 20 मिलिसेकंद मिळतात आणि चार्ज व्हायला त्यातले थोडेच लागतात. दुसरं म्हणजे मिसिंग कुठे येतं ते बघा. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये 2500-3500 ला पाय दाबला की झटके, आणि 5500 ला गाडी सरळ, असं असेल तर दोष वेगाचा नाही, दाबाचा आहे. सिलिंडर सगळ्यात गच्च भरतो तो टॉर्कच्या शिखरावर. उलट, फक्त वरच्या आरपीएमला अडखळत असेल तर मी आधी फ्युएल प्रेशर बघेन.

गॅरेजमध्ये प्लग बाहेर काढून हेडला टेकवायचा आणि ‘बघा, निळी ठिणगी आहे’ म्हणायचं, हाही त्यातलाच प्रकार. मोकळ्या हवेत मरायला टेकलेली कॉइलसुद्धा ठिणगी मारून दाखवते.

‘मिसफायर कोड म्हणजे इग्निशन’ हे तर साफ चूक. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ठिणगी दिसत नाही. क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा) वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून तो एवढंच ओळखतो, की अमुक सिलिंडरच्या पाळीला क्रँकला हवा तेवढा धक्का मिळाला नाही. पी0302 हा कोड म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरने काम केलं नाही, बस. का केलं नाही, ते कोड सांगत नाही. इंजेक्टर चोंदला असेल, व्हॉल्व्ह गळत असेल. आपल्या रस्त्यांवर तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनीही क्रँकचा वेग डळमळतो.

कारण शोधायची पद्धत फुकट आहे. दोन आणि एक नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी0301 झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. आमच्या ओळखीतल्या एका तीन सिलिंडरच्या गाडीला मालकाने तिन्ही कॉइल नव्या घातल्या, तरी मिसिंग तसंच. प्लग काढला तर पोर्सिलेनवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी उभी रेघ. इंजिन धुताना पाणी प्लगच्या विहिरीत उतरलं होतं आणि करंट तिथून पळत होता. बूटच्या आतही तशीच रेघ होती. म्हणून प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे, नाहीतर जुना बूट नव्या प्लगला तीच रेघ देतो. (पोर्सिलेनच्या बुडाशी तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका. तो कोरोनाचा डाग, निरुपद्रवी.)

ऑक्टेनचं थोडक्यात. ऑक्टेन नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) रोखतं, ठिणगीला बळ देत नाही. मेसेजमध्ये कणभर तथ्य आहे ते एवढंच, की नॉकिंगमुळे ईसीयू टायमिंग मागे घेतो, ठिणगी टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) जवळ सरकते, तिथे दाब जास्त, म्हणून व्होल्टेजची मागणी थोडी वाढते. पण फटलेला बूट 100 ऑक्टेनने बुजत नाही.

सगळ्यात फसवा सल्ला लीनचा. वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर ‘लीन’ ओरडतो, आत पेट्रोल भरपूर असलं तरी. त्यावर आणखी पेट्रोल ओतलं की प्लग ओला होतो, मिसिंग वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतो. मिसिंग चालू असतानाच्या आकड्यावरून कॉम्प्युटरमधल्या पेट्रोलच्या मॅपला हात लावू नये. आधी गॅप, बूट आणि इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांचे क्लॅम्प तपासा. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत मोजून घेतलेली हवा पाइपातून निसटली तर मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो आणि गाडी अडखळते. नुसत्या एमएपी सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत तसं होत नाही. म्हणून आपली गाडी कुठल्या पद्धतीची आहे ते आधी बघा.

आणि लुकलुकणारा दिवा. तो स्थिर दिव्यासारखा ‘सवडीने दाखवा’ म्हणत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतायत, असा त्याचा अर्थ. आतली जाळी वितळली की एक्झॉस्ट तुंबतो, आणि तो खर्च सगळ्या कॉइलच्या कितीतरी पट असतो. कोड पुसल्याने आतली आग विझत नाही. पाय काढा, गाडी हळू बाजूला घ्या, इंजिन बंद करा.