शोकसभा, भाडे निम्मे

‘येतो’ म्हणून कळवणारे ६२, प्रत्यक्ष आलेले नऊ. त्या नवांत मी, वक्ता आणि वक्त्याला स्कूटरवरून सोडायला आलेला त्याचा मेहुणा धरलाय. आमच्या लिनक्स युजर ग्रुपच्या परवाच्या शनिवारचा हा हिशेब. पण गर्दीचं मला फार वाटत नाही. माझं डोकं फिरलंय ते हॉलवाल्या काकांमुळे.

दादरच्या एका गल्लीतला, पहिल्या मजल्यावरचा, पंख्यांचा हॉल. काकांनी रजिस्टर उघडलं.

“कार्यक्रम कशाचा?”

“युजर ग्रुपची सभा.”

“युजर म्हणजे?”

“वापरणारे. लिनक्स वापरणारे. म्हणजे कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती प्रणाली. फुकट मिळते.”

काका थांबले. “फुकट मिळतं, आणि वापरायला ग्रुप लागतो? म्हणजे बिघडतं फार.”

वीस वर्षं वापरूनही मला यावर उत्तर सुचलं नाही.

“विकता काय?”

“काहीच नाही.”

“मागल्या महिन्यातले पण हेच म्हणाले होते. नुसती मीटिंग आहे म्हणे. जाताना माझ्या गळ्यात चुंबकाची गादी मारली, हप्त्यावर. कंबर होती तशीच आहे, हप्ते चालू आहेत.” मग त्यांनी रजिस्टरच्या रकान्यावर बोट ठेवलं. “व्यावसायिकचा दर वेगळा, घरगुतीचा वेगळा. बारसं?”

“नाही.”

“साखरपुडा, केळवण, सत्संग?”

“नाही हो.”

“गाणीबिणी?”

“नाही.”

“जेवण?”

“वडापाव.”

“बायकामाणसं?”

“एखादी येते. पुढच्या वेळी येत नाही.”

“सगळे एकाच दिशेला तोंड करून गप्प बसणार?”

“हो.”

“मग शोकसभाच की ती! भाडं निम्मं.” आणि लिहूनही टाकलं. निम्मं भाडं ऐकून मी गप्प बसलो, हा माझा गुन्हा.

खरं तर जागा हेच या धंद्याचं निम्मं दुखणं. ज्याला त्याला होमब्रू कॉम्प्युटर क्लबचं उदाहरण तोंडपाठ असतं. ५ मार्च १९७५, कॅलिफोर्नियातलं मेन्लो पार्क, गॉर्डन फ्रेंच यांचं गॅरेज, तीसेक माणसं, आणि पुढे त्याच मंडळींतून ॲपल. ठीक आहे. पण मुंबईत ज्याच्याकडे गॅरेज आहे तो ग्रुप काढत नाही, गॅरेज भाड्याने देतो. तेव्हा उरतात कंपन्यांची ऑफिसं. तिथे जागा फुकट, एसी फुकट, फक्त गेटवर प्रत्येकाचं ओळखपत्र, लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि फोटो. तीस माणसांना त्यात पाऊण तास जातो. वर शेवटी त्यांची एचआरवाली ‘दोनच मिनिटं’ म्हणून उभी राहते आणि वीस मिनिटं नोकऱ्या विकते. अशा दोन सभा झाल्या की तिसरीला जुने लोक गळतात, नुसते नोकरी शोधणारे उरतात.

वार शनिवार, तोही दुसरा, कारण त्या दिवशी बँकवालेही मोकळे असतात. रविवार कधीच नाही. रेल्वेचा मेगाब्लॉक नेमका तुमच्या वक्त्याच्याच लाइनवर पडतो. जागा दादर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत हवी, म्हणजे विरारवाला आणि डोंबिवलीवाला दोघंही सारखेच कुरकुरतात. फुकटच्या कार्यक्रमाला ‘येतो’ म्हणणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा येतो असं धरायचं. म्हणून ६२ ला मी २५ वडापाव सांगितले होते. चटणी वेगळी बांधून, नाहीतर पाव भिजतो आणि पुढचे तीन महिने लोकांना फक्त तेवढंच आठवतं.

सामानाची पिशवी माझी मी नेतो. दहा मीटरची एचडीएमआय केबल, जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचा जोड, टाइप-सीचा जोड, आणि एक्स्टेंशन बोर्ड, कारण हॉलमधला एकमेव चालू प्लग नेमका स्टेजच्या विरुद्ध भिंतीला असतो. डाउनलोड लागणार असेल तर आदल्या रात्री चार पेनड्राइव्हवर भरून ठेवायचं. वीस जणांनी एकाच हॉटस्पॉटवरून दोन जीबीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या प्रणालीची फाइल, ओढायला घेतली की सभा तिथेच संपते. वक्त्याला बजावायचं की काळ्या पडद्यावर राखाडी अक्षरं नकोत, पंचवीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. तो चाळीस बोलतो.

होमब्रूवाल्यांची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे ली फेल्सेनस्टाइन सभा चालवायचे. आधी ‘मॅपिंग’, म्हणजे ज्याने त्याने उठून आपल्याकडे काय आहे, काय हवंय ते सांगायचं. मग ‘रँडम ॲक्सेस’, म्हणजे उठा आणि ज्याला त्याला गाठा. आमच्याकडे पहिला भाग छान होतो. दुसऱ्या भागात सगळे उठतात आणि ७:१२ ची फास्ट गाठतात.

आणि किल्ल्या. ग्रुपचं ईमेल, डोमेन (वेबसाइटचा पत्ता), सभासदांची यादी यांचे पासवर्ड दोघांकडे हवेत. ग्रुप भांडणाने क्वचित मरतो. पासवर्डवाला बंगळुरूला जातो, त्याचं लग्न होतं, डोमेनचं नूतनीकरण राहतं, मग त्या पत्त्यावर रमीची जाहिरात दिसायला लागते. मी सहा वर्षं दुसरा माणूस शोधतोय. कल्पना सगळ्यांकडे असतात. ‘आपण हॅकेथॉन करू या’ म्हणणारा खुर्च्या लावायच्या वेळी जिन्यात फोनवर असतो.

तर शनिवारी. जिन्याखालच्या फळ्यावर काकांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: ‘शोकसभा. लिनक्स परिवार. सायं. ४.’ दोन नवी मुलं ते वाचून परत गेली, हे मला नंतर कळलं. उलट गल्लीतले एक आजोबा वर आले. चपला दाराशी काढून मागच्या खुर्चीवर हात जोडून बसले. पुढे प्रात्यक्षिकात सर्व्हर चालू होईना, वक्ता घामाघूम, आम्ही सगळे खाली मान घालून गप्प. आजोबा हळूच उठून उभे राहिले. त्यांना बघून वक्त्याचा मेहुणाही उभा राहिला. दोन मिनिटं बरोबर.

शेवटी आजोबांनी दोन वडापाव खाल्ले आणि खुर्च्या उचलायला हात लावला. हात लावणारे तेवढे एकटेच. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, “साल कुठलं?”

“१९९१.”

“अरेरे. तरुणच की.” माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता पुढचं कधी?”

“दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.”

“मासिक घालता?” त्यांचे डोळे भरून आले. “हल्ली कोण करतं हो एवढं!”

आणि यादीत त्यांनी आपलं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला.